वजा पाच गुणांची बोडी

गाडी सुटायच्या आधी खिडकीतून डबा देताना आमचे यजमान म्हणाले, "म्हणजे पुण्यातल्या बाईनं झाडीपट्टीत जायचं आणि तिथल्या झाडांना गुण द्यायचे. झाडांना कळवलंय ना?" मी डबा आत घेतला. पस्तीस वर्षांच्या संसारात काही प्रश्नांना उत्तर न देणं मी शिकले आहे.

खरं तर त्यांचं फारसं चुकलं नव्हतं. आमच्या समितीने महाविद्यालयांसाठी 'हिरवे आवार' नावाची स्पर्धा काढली होती. विद्यार्थ्यांनी आपलं आवार पर्यावरणाला जपेल असं कसं ठेवावं, याचा चार पानी फॉर्म मी स्वतः तयार केला होता. तीन बैठका झाल्या, आणि तिन्ही बैठकांत चहा कागदी कपातून आला, हे आता लिहिताना आठवतं. भूगोल शिकवण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे मला सगळ्याचे रकाने करायची खोड आहे. पूर्वेकडचं, झाडीपट्टीतलं शेवटचं महाविद्यालय कुणी घ्यायला तयार नव्हतं, म्हणून ते माझ्याकडे आलं. नोव्हेंबर होता, सुट्टी होती आणि मी गोंदिया पाहिलं नव्हतं.

गाडीत एक दिवस आणि एक रात्र घालवून सकाळी गोंदियाला उतरले. स्टेशनाबाहेर महाराष्ट्र संपला की काय असं वाटावं इतकी हिंदी चालू होती. "मॅडम, किधर जाना है?" असं तिघांनी विचारलं. मी तिघांनाही शुद्ध मराठीत उत्तर दिलं आणि तिघांनीही ते शांतपणे हिंदीत समजून घेतलं. तेवढ्यात कटरे सर आले. हे त्या महाविद्यालयातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, उंच आणि सतत दिलगीर. त्यांनी मला आधी पोहे खाऊ घातले. पोह्यांवर तर्री (हरभऱ्याचा लालभडक रस्सा) ओतायची इथली पद्धत आहे. "थोडीच घाला," असं मी म्हणाले. थोडी म्हणजे किती, याबद्दल पुण्याचं आणि गोंदियाचं एकमत नाही. पुढचा तासभर मी जीपमध्ये डोळे पुसत होते आणि कटरे सरांना वाटत होतं की मला निसर्ग पाहून भरून आलंय.

भरून येण्यासारखं होतं मात्र. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बांध्या (भाताची खाचरं) पसरल्या होत्या. बऱ्याच कापून झाल्या होत्या आणि मध्येमध्ये पुंजणे (कापलेल्या धानाच्या रचलेल्या गंज्या) उभे होते. मग साग सुरू झाला, मग परत बांध्या, आणि दर दोन-चार मैलांवर पाणी. कुठे मोठा तलाव, कुठे बोडी. बोडी म्हणजे शेतासाठी बांध घालून अडवलेलं लहान तळं. एवढं पाणी आणि त्याचा कुणालाच गर्व नाही, हे पाहून मला जरा रागच आला. आमच्याकडे एवढं पाणी असतं तर आम्ही त्याचं संमेलन भरवलं असतं.

महाविद्यालय सडक अर्जुनीच्या अलीकडे, महामार्गापासून थोडं आत आहे. फाटकावर माझं स्वागत मीच केलं, म्हणजे माझ्या फोटोने. दहा फुटांचा प्लास्टिकचा फ्लेक्स, त्यावर मी, आणि खाली 'प्लास्टिकमुक्तीच्या प्रणेत्या यांचे स्वागत'. पुष्पगुच्छही प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला होता. प्राचार्य स्वतः पुढे आले. गोल चेहऱ्याचे, घामाघूम झालेले, सज्जन गृहस्थ. त्यांनी लगेच मला नव्या बागेकडे नेलं. दोन रांगांत चाळीस झाडं, एका उंचीची, एका टवटवीची. मी कौतुकाने एका क्रोटनला हात लावला, तर ते कुंडीसकट माझ्या हातात आलं.

कुंडीवर रंगाने मंडप डेकोरेशनवाल्याचं नाव लिहिलेलं होतं.

"मॅडम, लग्नसराई अजून लागायची आहे, म्हणून भेटली," कटरे सर हळूच म्हणाले. मी ते झाड परत मातीत ठेवलं आणि थोडं थापटलंसुद्धा. परीक्षकाच्या हातून लावलेलं ते एकमेव झाड.

मग आम्ही फॉर्म भरायला लागलो. 'वापरून टाकायच्या ताटांवर बंदीचा ठराव केला आहे काय?' असा माझा एक रकाना होता. ठराव नव्हता. "जेवण कशात वाढता?" मी विचारलं. पळसाच्या पानांच्या पत्रावळीत, मुलीच लावतात, जेवण झालं की त्या गोऱ्ह्यापुढे टाकतात. थर्माकोलची ताटं इथे कधी आलीच नव्हती, त्यामुळे बंदी कशावर घालणार? ठराव नाही म्हणून शून्य. 'सांडपाणी पुनर्वापर यंत्रणा?' यंत्रणा नव्हती. वसतिगृहाच्या न्हाणीचं पाणी पाटाने पपईला जात होतं. शून्य. 'वाहनमुक्त दिन पाळता काय?' नाही, कारण सगळे रोजच सायकलने येत होते. माझं पेन शून्य काढून काढून गोल फिरायला लागलं आणि प्राचार्यांचा चेहरा उतरायला लागला.

"पण मॅडम, लॉन करून राहिलो आम्ही," ते म्हणाले. "तुमच्या फॉर्मात लॉनला पंधरा गुण आहेत."

ते मला इमारतीच्या मागे घेऊन गेले. तिथे एक बोडी होती, पाऊण एकराची. पाण्यावर शिंगाड्याचा वेल दाटीने पसरला होता आणि दोन बगळे आपापसात न बोलता उभे होते. काठावर मुरमाचे तीन ढीग पडले होते. उद्या सकाळी ट्रॅक्टर येणार, बोडी बुजणार, वर लॉन आणि मधोमध कारंजं.

"ही बुजवायची काऊन?" असं मी विचारलं. तर्रीचा परिणाम भाषेवरही होत असावा.

प्राचार्यांनी फॉर्मची झेरॉक्स काढून बोट ठेवलं. तिसरं पान, नववा रकाना. 'आवारात साचलेले पाणी असल्यास: वजा पाच.' डासांचा विचार करून मीच घातला होता तो. पुण्यात साचलेलं पाणी म्हणजे डबकं. "गेल्या दोन वर्षांत पोरं शहरात जाऊन राहिली," प्राचार्य म्हणाले. "बक्षीस भेटलं तर नाव होईल, दाखले काढून नेणारी पोरं कमी होतील. मी काही हौसेने नाही बुजवत, मॅडम." माणूस खोटं बोलत नव्हता. त्याने फक्त माझं ऐकलं होतं.

दुपारचं जेवण मुलींच्या वसतिगृहात होतं. भात, लाखोळीच्या डाळीचे वडे आणि बोडीतले उकडलेले शिंगाडे. शिंगाडा सोलताना काट्याने माझं बोट फाडलं. ते पाहून हसू दाबत एक मुलगी पुढे आली आणि दाताने कसा फोडायचा ते दाखवलं. तिचं नाव रेशमा उईके. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, गाव दरेकसाकडचं, जंगलातलं. हात धुवायला म्हणून ती मला विहिरीवर घेऊन गेली आणि तिथे कठड्यावरची एक दोरी उचलून तिने पाण्यात सोडली. दोरीच्या टोकाला दगड होता आणि हाताहाताच्या अंतरावर गाठी मारलेल्या होत्या. दोरी वर काढून तिने ओल्या गाठी मोजल्या. अठरा.

"दर इतवारी मोजतो आमी," ती म्हणाली. "बोडी भरून असली का विहीर भरून असते. दोन सालाआधी बोडीची पार, मंजे बांध, फुटली होती. होळीच्या आधीच एकबी गाठ ओली नव्हती. होस्टेल बंद केलं, पोरींले घरी धाडलं."

"मग?"

"मंग का जी? माया बाप मनला, आता कायले जातं परत? मी भांडून आली. दोघी नाही आल्या, त्याईचं लगन झालं."

"प्राचार्य बोअर मारतील ना."

"मारली होती. धूळ निघाली." तिने दोरी गुंडाळून ठेवली. "यंदा मायं शेवटचं साल हाय. एप्रिलात पेपर हायेत. मॅडम, हे फारम कोनं बनवलं? ज्यानं बनवलं त्यानं बोडी पायली नसन."

झाडीपट्टीतली माणसं थेट बोलतात, असं मी ऐकून होते. ऐकून असणं वेगळं. "मी बनवला," मी म्हणाले.

रेशमाला लाज वाटेल असं मला वाटलं होतं. तिने फक्त माझ्याकडे नीट पाहिलं. "मंग तुमीच खोडा ना," ती म्हणाली. "कायले भेता?"

भिण्याचं कारण होतं. छापील फॉर्ममध्ये खाडाखोड दिसली तर अर्ज बाद, हा नियमही माझाच. तीस वर्षं मी मुलांनी रकान्याबाहेर लिहिलं म्हणून गुण कापत आले. संध्याकाळच्या चहापर्यंत मी बोडीच्या पारीवर बसून राहिले. मला फार वाईट वाटत होतं, आणि त्याहून जास्त माझा मलाच राग येत होता. आपण पुण्यात बसून एक ओळ लिहितो आणि सहाशे मैलांवर कुणाची तरी बी.ए.ची परीक्षा त्या ओळीखाली येते, हे भूगोलाच्या बाईला कुणी शिकवलं नव्हतं.

चहा आला तेव्हा प्राचार्यांच्या टेबलावर मी नववा रकाना आडवा खोडला. शेजारी लिहिलं, 'बोडी आहे. वसतिगृहाची विहीर हिच्यावर जगते. अधिक पंधरा. बुजवल्यास या आवाराला कशाचेच गुण देऊ नयेत.' खाली सही केली.

प्राचार्यांनी ते दोनदा वाचलं. "अर्ज बाद होईल, मॅडम."

"होईल. माझ्यामुळे झाला असं सगळ्यांना सांगा. फ्लेक्सवर फोटो आहेच."

त्यांनी खिडकीतून मुरमाच्या ढिगांकडे पाहिलं. मग कटरे सरांना म्हणाले, "सर, ट्रॅक्टरवाल्याले सांगा, पारीचा कच्चा भाग भरून घे. उरला तर होस्टेलच्या वाटेवर टाक. चिखल होते तिथं." एवढं बोलून त्यांनी चहा संपवला. बशीतून प्यायले. कागदी कप तिथे नव्हते.

सकाळी निघताना डेकोरेशनवाला आपली झाडं टेम्पोत भरत होता. पारीवर ट्रॅक्टर उभा होता. रेशमाने पळसाच्या पानात बांधलेले शिंगाडे दिले आणि "पुन्यात सोलता येईन ना?" असं विचारलं. परतीच्या गाडीत मी ते दाताने फोडून खाल्ले. समोरच्या बाकावरची मंडळी दुसरीकडे बघत होती.

पुण्यात अर्ज बाद झाला. समितीच्या बैठकीत मला समज देण्यात आली. बक्षीस एका लॉनला मिळालं, कारंज्यासकट. यजमान म्हणाले, "झाडं नापास, परीक्षकही नापास."

मे महिन्यात, आमच्या सोसायटीच्या हिरवळीवर फवारे चालू असताना, फोन वाजला. ना नमस्कार, ना ख्यालीखुशाली.

"मॅडम, सहा," रेशमा म्हणाली. "आजबी सहा गाठी ओल्या हायेत. पेपर झाले माये. होस्टेल चालूच होतं."

मी 'बरं झालं' म्हणाले आणि डोळे पुसले; या वेळी तर्रीचं निमित्त नव्हतं. फोन ठेवून ते सहा कुठेतरी टिपून ठेवावेत म्हणून कागद शोधला. हाताला लागला तो आमचाच कोरा फॉर्म. तिसरं पान काढलं, नवव्या रकान्यातलं 'वजा पाच' खोडलं आणि तिथे लिहिलं, 'मे महिना, सहा गाठी.'