बाबांच्या प्रश्नाचं उत्तर

मी ज्या बँकेत नोकरी करते तिचे थोडेसे शेअर बाबांकडे आहेत. हॉस्पिटलमधून रिटायर झाल्यापासून ते मँचेस्टरला भरणाऱ्या भागधारकांच्या वार्षिक सभेला न चुकता येतात. यंदा मात्र त्यांनी साहेबांच्या बोनसवर प्रश्न विचारायचं ठरवलं आणि तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

कारण सभेत अध्यक्ष जी उत्तरं देतात ती आम्ही लिहितो. शेजारच्या खोलीत बसून प्रश्न ऐकायचा आणि टाइप करायचं, की ते त्यांच्यासमोरच्या स्क्रीनवर उमटतं. वरच्या साहेबांचे पगार आणि बोनस हा विषय माझ्याकडे. बाबांना हे सगळं ठाऊक होतं. दुसरं काहीतरी विचारा म्हणून मी आदल्या दिवशी विनवून पाहिलं. ते ऐकतील तर शपथ.

सभेच्या दिवशी बाबा कोट घालून प्रश्न विचारायला उठले. युरोपचा नियम होता तोवर बँकवाल्यांचा बोनस पगाराच्या ठरावीक पटीपुढे जात नव्हता, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. ब्रिटनने ती मर्यादा काढली आणि आपल्या बँकेने मुख्य साहेबांचा बोनस वाढवला. त्याच वर्षी आमच्या भागातली शाखा बंद केली. मग साहेबांनी जास्तीचं असं काय केलं?

खरं उत्तर एका ओळीचं होतं: अडवणारं कोणी उरलं नाही म्हणून. आमच्या अख्ख्या खोलीला ते माहीत होतं. स्क्रीन कोरा, अध्यक्ष घसा खाकरतायत. मी चिडले, तीही बाबांवरच, आणि तोंडाला पानं पुसणारी चार वाक्यं धडाधड लिहून टाकली. अध्यक्षांनी ती छान वाचली. बाबा थँक यू म्हणून खाली बसले.

घरी जाताना ट्रॅममध्ये मी सारखी फोन काढत होते, पुन्हा ठेवत होते. शेवटी न राहवून विचारलं, “बाबा, तुम्ही अपसेट आहात का?”

“नाही गं. आधी प्रश्नाची स्तुती, मग सगळ्यांबद्दल रिस्पेक्ट, आणि आन्सर नाहीच. शाळेत मॅथ्सचे मार्क्स विचारले की तू हेच करायचीस.”

एरवी मी हसले असते.

आमचा स्टॉप आला. बाबांनी कोटाची बटणं लावली.

“नेक्स्ट इयर मी हाच प्रश्न विचारणार आहे,” ते म्हणाले. “तुझ्याकडे भरपूर टाइम आहे.”