कापसात गुंडाळलेले स्फटिक

तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला उजेड दुसऱ्या कुणालाच दाखवता आला नाही, तर तो होता असं म्हणायचा अधिकार तुम्हाला उरतो का?

धुळ्याच्या एका महाविद्यालयात मी तांब्याच्या संयुगांवर संशोधन करते. तांबं, आयोडीन आणि एक सेंद्रिय रेणू द्रावणात एकत्र आले की आठवड्याभरात बाटलीच्या तळाशी स्फटिक धरतात. दिवसा ते खडीसाखरेसारखे दिसतात. खिडकीला काळं कापड लावून अतिनील दिवा धरला की नारिंगी पेटतात. तांब्याचे अणू एकमेकांपासून किती अंतरावर बसलेत, यावर तो रंग ठरतो, असं माझं म्हणणं. ते अंतर मोजणारं यंत्र दूरच्या एका मोठ्या संस्थेत होतं आणि माझ्या प्रबंधाचं अख्खं प्रकरण त्या मोजमापावर उभं होतं.

स्फटिक तिथे पाठवायला गेले, तर कुरिअरवाला म्हणाला, "पातळ काही चालणार नाही." हे स्फटिक त्यांच्या द्रावणातच ठेवायचे असतात, हे मला माहीत होतं. तरी मी द्रावण ओतून टाकलं. प्रयोगशाळेतले मदतनीस आबा काचेची प्रत्येक वस्तू घरच्या कापसात गुंडाळतात. त्यांनीच डबी भरून दिली. "कापूसमा ठेयेल वस्तू कधी फुटस का, ताई?"

शनिवारी डबी मांडीवर घेऊन जळगावला घरी निघाले. सोमवारी तिथूनच पाठवणार होते. मे महिना. एरंडोलजवळ बस उन्हात पाऊण तास उभी राहिली.

घरी नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, उजेड दाखवायचा होता. त्यांचं सगळं आयुष्य चळवळीची पत्रकं लिहिण्यात आणि वाटण्यात गेलं. माझी अक्षरओळखही त्याच गठ्ठ्यांवर झाली. दार लावलं, छोटा दिवा पेटवला. कापसावर पांढरा भुगा होता. मी दिवा जवळ नेला, आणखी जवळ नेला.

"हे पेटतं होय?" नाना म्हणाले. "आमची पत्रकं बरी, काडी लावली की पेटायची तरी."

मी डबी खिडकीशी नेली. धक्क्यानं फुटलं काहीच नव्हतं. अणूंच्या जाळीत अडकलेलं द्रावण थोडं कापसानं शोषलं, उरलेलं उन्हानं नेलं आणि रचना आतून ढासळली.

मी पुन्हा स्फटिक वाढवले. संस्थेला लिहिलं, द्रावणातली बाटली मी स्वतः घेऊन येते, यंत्राजवळ तासभर बसू द्या. उत्तर आलं: बाहेरच्या विद्यार्थ्यांना प्रवेश नाही, नमुना पाठवावा. दुसऱ्या पत्राला उत्तरच आलं नाही.

आमचे मार्गदर्शक सर वाईट माणूस नाहीत. प्रबंधाची मुदत जवळ आली तेव्हा म्हणाले, "अशाच एका संयुगाची रचना छापून आलेली आहे. आपलीही तशीच असावी, असं लिहून टाक. कोण बघायला येतंय?"

"मी बघितलेलं नाही, सर."

"मग प्रकरण काढ."

मी नानांना फोन केला. वाटलं, नेहमीसारखे गरजतील, मला बळ येईल. त्यांनी ऐकून घेतलं. "बघितलं नाही ते लिहू नकोस," म्हणाले. मग म्हणाले, "पण मग काय करायचं, ते मलाही सुचत नाही, बेटा." नानांना काही सुचत नाही, हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

प्रकरण काढलं. अडीच वर्षांचं काम होतं. आबा अजून विचारतात, "मनामुये बिघडनं का, ताई?" तुमच्यामुळे नाही, म्हणते. त्यांना काय समजावू? द्रावण मीच ओतलं होतं.

तुमच्या संस्थेत असं यंत्र असेल, किंवा त्याच्या नियमांच्या कागदावर तुमची सही होत असेल, तर हा कागद खाली ठेवण्याआधी एवढं करा: बाहेरगावचा विद्यार्थी आपली बाटली हातात घेऊन आत येऊ शकेल, अशी एक ओळ त्या नियमांत घाला.