बॉनेटवरची गोधडी

गाडी बंद केली, की दादा आधी डिकीतून गोधडी काढायचे आणि बॉनेटवर पसरायचे. कडा नीट दाबून झाल्या की माझ्याकडे वळून म्हणायचे, "थंड इंजिन लई पेट्रोल पितं. ऊब धरून ठेवायची, कळलं?"

आता तुम्हीच सांगा, दिवेआगरात, भर मे महिन्यात, माणसं सावली शोधत असताना गाडीला गोधडी! अख्खी आळी हसायची. एकदा दादा गोधडी काढायची विसरले आणि तसेच बाजारातून निघाले. "काय दादा, नवरी आणताय काय?" कुणीतरी ओरडलं. दादा खिडकीतून म्हणाले, "न्हाय रे बाबा, जुनीच हाय!" शेजारी बसलेल्या वहिनी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

चक्रीवादळात दादांची सुपारीची वाडी आडवी झाली. पर्यटकांना फिरवायची ही जुनी गाडी तेवढी उरली. त्यात वहिनींच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा म्हसळ्याच्याही पुढे डायलिसिसला न्यायचं, तिथंच ताटकळायचं, परत आणायचं. पेट्रोलला पैसे नसले की फेरी चुकणार, आणि फेऱ्या चुकल्या की वहिनी हातच्या जाणार. वहिनींना धरून उतरवायला मी सोबत असायचो.

"असं वाचतं तरी किती?" मी एकदा वैतागून विचारलं.

"वाचतं थोडं."

थोडं म्हणजे चमचाभर असेल हो! पण दुसरं काहीच त्यांच्या हातात नव्हतं. मला फार वाईट वाटायचं.

डायलिसिसनंतर वहिनींना हुडहुडी भरायची. मग दादा बॉनेटवरची गोधडी ओढून त्यांच्या अंगावर घालायचे. "हात लावून बघ, अजून गरम हाय!"

"शी, ऑइलचा वास मारतोय," म्हणत वहिनी ती हनुवटीपर्यंत ओढून घ्यायच्या.

गेल्या पावसाळ्यानंतर एक दिवस वहिनी डायलिसिसच्या खाटेवरून उठल्याच नाहीत. दादा त्यांच्यासोबत अँब्युलन्समधून आले. मागून त्यांची गाडी मी आणली.

अंगणात गाडी बंद केली आणि सवयीनं गोधडी काढून बॉनेटवर पसरायला गेलो. दादांनी माझा हात धरला.

"नको टाकू. होऊ दे थंड," ते म्हणाले. "आता परत कुठं जायचंय?"

माणसं वहिनींना उतरवून घेत होती. दादा तिकडे गेले. मी गोधडी छातीशी धरून उभा राहिलो. रडू आवरेना. बॉनेटखाली इंजिन टिकटिक करत निवत होतं.