घोटीची राख

माझी आई घासण्याच्या बाबतीत वेडी होती. हे मी कौतुकानं सांगत नाही. इतरांच्या आया मुलांना गोष्टी सांगत, आमची आई मोरीचा कोपरा दाखवून "हे काय राहिलंय?" असं विचारायची.

सत्तरच्या दशकात नाशकात गोदावरीपलीकडे एका घराच्या मागच्या खोलीत आम्ही भाड्यानं राहत होतो. वडील कारकून. आडनाव गावावरून पडलेलं, त्यामुळे नुसतं ऐकून आमची जात कळत नसे. आम्ही बौद्ध. मालकांनी विचारलं नाही आणि वडिलांनी सांगितलं नाही. आधी दोन ठिकाणी सांगितलं होतं, आणि तिथल्या खोल्या ऐकताक्षणी 'कालच दिल्या' गेल्या होत्या. ही खोली टिकवायची होती. माझी शाळा जवळ, वडिलांची कचेरी जवळ. आईची समजूत अशी, की घर इतकं स्वच्छ ठेवायचं की उद्या कळलं तरी कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये. 

विकतच्या पावडरीनं हाताला भेगा पडतात म्हणून आई सगळं घरीच करायची. तिचा भाऊ घोटीला भाताच्या गिरणीत हमाल होता. तिथल्या भट्टीतली तुसाची राख तो पोत्यानं आणून द्यायचा. आई ती बारीक चाळणीनं चाळायची, त्यात रिठ्याची आणि वाळवलेल्या लिंबाच्या सालींची पूड मिसळायची. पितळेला आधी चिंच, मग ही राख. नुसती राख लावली की ओरखडे पडतात, हे मला पाढ्यांआधी पाठ झालं होतं. फरशी पुसायला कडुनिंबाचा पाला उकळलेलं पाणी, मोरीत खडेमीठ, कोपऱ्यात वेखंड. आमच्या खोलीला काष्ठौषधींच्या दुकानासारखा वास यायचा.

मालकीणकाकूंना आईचं फार कौतुक. "वहिनी, तुमच्या हाताला गुण आहे हो. इतकी स्वच्छता आमच्यातसुद्धा नसते," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्यासमोर म्हणत. 'आमच्यात' हा शब्द आई ऐकून न ऐकल्यासारखं करायची. एका दसऱ्याआधी काकूंनी देवाची पितळी भांडी तिच्यापुढे आणून ठेवली. समई, ताम्हन, घंटा, पळी. आईनं दुपारभर बसून त्यांचं सोनं केलं. जेवताना वडिलांना म्हणाली, "देवाची भांडी दिली त्यांनी मला." वडील खाली मान घालून जेवत राहिले. तिला इतकं खूश मी नंतर कधी पाहिलं नाही.

त्यानंतर महिनाभरात मामा राखेचं पोतं घेऊन आला. अंगणात काकू तांदूळ निवडत बसल्या होत्या. आमच्याकडे येताना मोठ्यानं बोलू नको, हे आईनं त्याला कितीदा बजावलं होतं. पण पोतं उतरवून घामाघूम झालेला माणूस, समोर वडील दिसले आणि सवयीनं तोंडातून गेलं, "जयभीम दाजी. राख लय झ्याक हाय बगा ह्या बारीला."

काकूंचा हात सुपातच थांबला. मग त्या सूप घेऊन आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी मालक वडिलांना म्हणाले, पुतण्या शिकायला येतोय, खोली लागेल, महिनाअखेरपर्यंत बघा. वडील "बरं" म्हणाले. आईनं मात्र आशा सोडली नाही. त्या पंधरा दिवसांत तिनं खोलीची खिडकी, कड्या, दाराच्या बिजागऱ्यासुद्धा घासून काढल्या. अंगण झाडलं, मालकांच्या दारापर्यंत झाडलं. राखेच्या पावडरीचा एक नवा डबा भरून माझ्या हाती काकूंकडे पाठवला. काकूंनी हात पुढे केला नाही. "ठेव तिथं ओट्यावर," म्हणाल्या. मी आल्यावर आईनं विचारलं, "घेतला का?" मी हो म्हटलं. तेवढंच खोटं मला सुचलं.

निघायच्या दिवशी सामान हातगाडीवर चढल्यावरही आई फरशी पुसत होती. कडुनिंबाचं पाणी, मग साधं पाणी, मग कोरडं फडकं. गाडी कोपऱ्यापर्यंत गेली तेव्हा तिला आठवलं, चाळणी दारामागच्या खिळ्यालाच राहिली. मी पळत मागे गेले.

आमच्या खोलीत काकू तांब्यातून गोमूत्र शिंपडत होत्या. ओल्या फरशीवर, भिंतींवर, आईनं चकचकीत केलेल्या खिडकीवर. बाहेर नळाशी देवाची सगळी भांडी काढून ठेवली होती. अर्धी घासून झाली होती. शेजारी आईचा डबा, झाकण उघडं. आईचा हात लागलेली भांडी काकू आईच्याच राखेनं घासत होत्या.

"काय राहिलं गं?" त्यांनी विचारलं. आवाज नेहमीचाच होता. मी चाळणीकडे बोट दाखवलं. त्यांनी ती झाडूच्या दांड्यानं खिळ्यावरून काढली आणि अंगणात माझ्यापुढे टाकली.

वाटेत मी आईला सगळं सांगितलं, डब्यासकट. तिनं चिडावं, निदान रडावं, असं मला फार वाटत होतं. तिनं चाळणी पदरानं पुसली.

"आधी चिंच लावली होती का त्यांनी?"

"चिंच नव्हती तिथं."

"मग ओरखडे पडतील," ती म्हणाली आणि गाडीमागून चालू लागली.

त्या क्षणी मला काकूंपेक्षा तिचाच जास्त राग आला, आणि तो पुरता गेला असं आजही म्हणवत नाही. नवी खोली आमच्याच लोकांच्या वस्तीत होती. तरी सामान लावायच्या आधी आईनं पाला उकळायला ठेवला. "इथं कुणाला दाखवायचंय?" मी विचारलं. तिनं राखेचं पोतं सोडलं आणि चाळणी माझ्या हातात दिली. मी चाळायला बसले.