यादीत नसलेलं नाव

गेम बनवणाऱ्यांनी सडक अर्जुनीतल्या आमच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याला फसवलं. गेम फुकटचा, ऑनलाइन, पत्ते लावून डाव आखायचा. तो सगळ्यांसाठी खुला होण्याआधी यानं सहा महिने खेळून तपासला, चुका कळवल्या. तपासणाऱ्यांची नावं गेममध्ये येतील, असा त्यांचा शब्द होता.

माणूस अबोल. फोन उघडला की स्क्रू काढल्या क्रमानं कागदावर मांडतो आणि प्रत्येकाभोवती पेन्सिलीनं गोल काढतो. मी भाव पाडायला कितीही ओरडलो तरी त्याचं एकच, "होऊन जाते भाऊ, बसा."

काल त्यानं वर्षभरानं तो गेम माझ्यासमोर पुन्हा उघडला. त्यानं कळवलेल्या सगळ्या चुका दुरुस्त झाल्या होत्या. नावांची यादी त्यानं तीनदा शेवटपर्यंत वाचली. त्याचं नाव नव्हतं. मग तो एक डाव खेळला आणि सापडलेली नवी चूक गेमवाल्यांना लिहून कळवायला लागला.

मी भडकलो. "अबे, आता कायले पाठवून राहिला?"

"चूक दिसली भाऊ. सांगा लागते."

तो कधी विचारणार नाही, म्हणून मी विचारतो. गेमवाल्यांनो, त्याचं नाव कुठे आहे?