सुईची भीती

बाबांचं हृदय कमजोर झालंय. पुढे किडनीवर ताण येईल का, हे आधीच कळावं म्हणून डॉक्टरांनी रक्ताची एक तपासणी सांगितली होती. "दुखणं हृदयाचं, मग किडनीसाठी रक्त कशाला?" म्हणत बाबा ती टाळत होते; खरी भीती सुईची होती. शेवटी मी त्यांना मुलुंडच्या दवाखान्यात जवळजवळ ओढूनच नेलं.

तिथे बाकावर आमच्या शेजारी पन्नाशीची एक बाई बसली होती. तिलाही हाच आजार. ती रिपोर्ट ऐकायला आली होती. सुजलेल्या नडगीवर अंगठा दाबायची आणि पडलेला खड्डा भरून येईपर्यंत बघत राहायची. सुईवरून चाललेली बाबांची कुरकुर ऐकून म्हणाली, "काका, मी पण लय घाबरते. पण पुढे डायलिसिसला घाबरण्यापेक्षा आत्ता सुईला घाबरलेलं परवडलं ना!"

तेवढ्यात तिला आत बोलावलं. बाहेर आली ती फोनवर बोलतच, "ताई, रिपोर्ट चांगलाय गं! किडनीला सध्या धोका नाही म्हणाले!" रडत होती, हसतही होती. डोळे पुसून बाबांना म्हणाली, "जा हो काका, बिनधास्त."

तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं, कारण बाबा उठले होते आणि शर्टाची बाही स्वतःच वर करत आत निघाले होते.