कोट घातलेला चुट्टा

माझ्याकडे जर्दा घ्यायला येणारी निम्मी माणसं शिव्या खायला येतात. खटकचिंचोळीत घराच्याच पुढच्या खोलीत माझं दुकान आहे. काळी पत्ती, पिवळी पत्ती, थोडी लवंग आणि आणखी दोन-चार जिनसा घालून जर्दा मी स्वतः करतो. कुणी दुसरीकडची पुडी आणून दाखवली की मी ती नुसती नाकाजवळ नेऊन सांगायचो, पत्ती कुठली, किती जुनी आणि वजन वाढवायला तिच्यावर किती पाणी मारलंय. "ही तमाखू न्हाई, म्हशीची वैरण हाय," असं मी म्हटलं की तो दुकानदार आसपासच्या दहा गावांत संपला.

'सांगायचो' म्हणतो, कारण दोन वर्षांपूर्वी एका तापात माझं नाक गेलं. म्हणजे नाक जागेवर आहे, वास गेला. फोडणी कळत नाही, गटार कळत नाही. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. आला नाही. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. नाक गेलेल्या जर्देवाल्याकडे कोण फिरकणार? मी सगळं मापानं आणि सवयीनं करत राहिलो आणि तोंडानं पूर्वीपेक्षा दुप्पट बोलायला लागलो. नावं ठेवायला नाक लागत नाही.

अशात एका बाजाराच्या दिवशी माझा शाळेतला दोस्त दुकानात उगवला. हा कैक वर्षं परदेशात असतो. गावी आला की त्याला इथलं पाणी जड लागतं, धूळ सोसत नाही आणि चहात साखर जास्त होते. याच गड्यानं शाळेत असताना शेजाऱ्याच्या रानातल्या कैऱ्या मातीसकट खाल्ल्या आहेत. त्यानं पिशवीतून बुचाची एक काचेची नळी काढली. आत बोटाएवढा जाड सिगार, त्याला कागदाची अंगठी.

"खास तुझ्यासाठी आणलाय," तो म्हणाला. "तुझ्यासारखा पारखी आपल्या भागात न्हाई. ओढ आन् सांग, कसा हाय."

दुकानात कमठाण्याचा एक म्हातारा बसला होता, वीस वर्षांचं गिऱ्हाईक. तो लगेच सरसावून बसला. आज उघडं पडणार, असं वाटलं आणि म्हणूनच मी तोंड सोडलं.

"ह्यो तर चुट्टा हाय की रे! औरादकडली म्हातारी माणसं तमाखूचं पान वळून वडत्यात, त्योच. त्यांच्या चुट्ट्याला कागदाची अंगठी तेवढी नसती."

"चुट्टा न्हाई, सिगार. ह्याला चॉकलेटचा वास येतो, कॉफीचा येतो, कातड्याचा येतो. तुला कोणकोणता येतो ते सांग."

"कातडंच हुंगायचं असलं तर पायातलं काढून हुंगतो की. त्याच्यासाठी समुद्र कामून वलांडायचा?"

म्हातारा हसला आणि मला धीर आला. मी सिगार कानाशी धरून चिमटीत फिरवला. पान कुरकुरलं. वाळलाय, एवढं कानालाही कळलं. दोस्त खिशातून टोक कापायचं कसलंसं यंत्र काढत होता, तोवर मी अडकित्त्यानं सुपारीसारखं टोक उडवलं. तो असा कळवळला, जणू त्याचंच बोट कापलं. मग मी काडी ओढली आणि बिडीचा मारतात तसा दम मारला, थेट बेंबीपर्यंत. डोळ्यांतून पाणी आलं. खोकून खोकून मी गल्ल्यावर आडवा झालो.

"अरे, आत घ्यायचा नसतो! तोंडात फिरवायचा आन् सोडायचा."

"म्हंजी चूळ भरायची? उद्या म्हणशील, जेवणबी चावून थुका."

दुसरा झुरका मी त्याच्या रीतीनं घेतला. जिभेला कडूपणा कळला, घशाला जाळ कळला. नाकात काही नाही. मी डोळे मिटून वास शोधला. चॉकलेट नको, कातडं नको, नुसती तंबाखू तरी येऊ दे, असं मनातल्या मनात म्हणत होतो. दोन वर्षांत पहिल्यांदा मला चारचौघांत रडू येईल असं वाटलं. मग मी डोळे उघडले आणि निकाल देऊन टाकला.

"ऐक. पान वाळलेलं. जळतोय एका अंगानं. राख पांढरी पडती, तेवढी बरी. आन् वास म्हणशील तर न्हाईच. असला बिनवासाचा चुट्टा मी जन्मात वडला न्हाई."

कुणी हसलं नाही. म्हाताऱ्यानं उपरण्याचं टोक नाकाला लावलं होतं, ते मला तेव्हा दिसलं. तेवढ्यात आतून बायको पदर नाकाला लावून आली.

"आवं, काय जाळायलात? डांबरगोळीचा वास चुलीपतोर आलाय!"

दोस्तानं मान खाली घालून सगळं सांगितलं. सिगार त्यानं मागच्या खेपेला आणला होता, तेव्हा माझी गाठ पडली नाही. मग त्याच्या आईनं तो लुगड्यांच्या पेटीत ठेवला. आमच्याकडे किमती वस्तू म्हटली की पेटी आणि पेटी म्हटली की डांबरगोळी. माउलीनं बूच काढून एक गोळी थेट नळीतच टाकली होती.

"सकाळी काढून टाकली मी," तो म्हणाला. "वाटलं, वास गेला असंल. गेला नसला तर तू पयल्या झुरक्यालाच शिव्या घालशील. पण तुला... वासच न्हाई?"

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. म्हाताऱ्याची नेहमीची पुडी मी त्याच्यापुढं ठेवली.

"बाबा, दोन वर्सं झाली, मला वास येत न्हाई. घ्यायची का न्हाई, तुमचं तुम्ही बघा."

म्हाताऱ्यानं पुडी सोडली, चिमूट नाकाशी नेली, हळूच हुंगली.

"झ्याक हाय की, अण्णा. खरं सांगू का? पयल्यापरीस बरा झालाय. आधी लवंग लई घालायचा तुम्ही."

मी लवंगेचं माप कधी बदललं नव्हतं. मी बायकोकडे पाहिलं. तिनं पदर खाली केला.

"तुम्ही आंघुळीला गेल्यावर मी जर्द्याचा डबा हुंगून परत नीट करती," ती म्हणाली. "त्या तापापासनं."

"मला कामून सांगितलं न्हाईस?"

"तुम्ही कुटं सांगितलं मला?" ती म्हणाली आणि आत गेली.